पाठीतली ऊब

ललिता : थांब वं माय! पानी नोको टाकू त्याच्या अंगावर!

सुंदराबाई : काहून नोको? सकायपासून चूल पेटवून पानी तापवलं मी. तू आताच बसमधून उतरली, पायावर पानी नाई घेतलं, आन् आल्या आल्या आरडून राहिली!

ललिता : दार सताड उघडं, नदीवरचं वारं सरळ आत येऊन राहिलं. आठव्या महिन्यात झालेलं लेकरू हाय ते. आंगोय राहू दे त्याची. दे इकडे, अन् कोरडं फडकं दे एक.

सुंदराबाई : घे बापा. डाक्टरीन बाईपुढे आमचं काय चालते? पन भाचा किती गुनाचा हाय पाह्य तुया. काल दिवसभर रडला, आज सकायपासून कुईं नाई केलं.

ललिता : दूध प्यायला?

सुंदराबाई : तुया भावजयीनं, वच्छलेनं छातीशी धरलं. दोन घोट ओढले आन् झोपला. तिच्याही अंगात जीव नाई. पडून हाय मधल्या खोलीत.

ललिता : माय, याच्या पावलाले हात लाव.

सुंदराबाई : गार हायेत जराक. पन थंडी वाजली असती त कुडकुडला नसता का? पहाटी मी सडा टाकता टाकता थरथर कापत होतो. थो त गुमान हाय.

ललिता : एवढ्याशा लेकराले कुडकुडता येतच नाही, माय. आपलं अंग थरथरून गरमी करते. याच्या अंगाले ते जमत नाही अजून.

सुंदराबाई : मंग हिवाळ्यातलं लेकरू जगते कसं?

ललिता : आता इथं हात लाव. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधात.

सुंदराबाई : अगं बाई! हे त गरम हाय. पाय बर्फावानी आन् पाठ गरम! ताप त नाई ना वं?

ललिता : ताप नाही. तिथं एक चरबी असते, तपकिरी रंगाची. आपल्या पोटावरची चरबी नुसती साठून राहते, ही तशी नाही. थंडी लागली का ही जागच्या जागी जळते. तिथून जाणारं रक्त गरम होते अन् साऱ्या अंगात फिरते.

सुंदराबाई : पाठीत जाळ? काहीबाही नोको सांगू मले.

ललिता : ज्वाळा नाही वं निघत. खाल्लेल्या भाकरीची जशी ताकद होते, तशी त्या चरबीची गरमी होते. विलायतेच्या डॉक्टर लोकांलेही हे आत्ता आत्ता कळलं. नागपूरले सर शिकवत होते, तवा मले वच्छलाच आठवली. म्हटलं, बाळंतपणाले घरी जायचं. पन हा पोट्टा माझ्या आधी येऊन बसला.

सुंदराबाई : मंग जळू दे ना चरबी. चिंता काहाची?

ललिता : पुऱ्या दिवसाच्या लेकराजवळ ती बरीच असते. याच्याजवळ थोडीशीच. पोटात दूध नाही गेलं त सरून जाईल. माय, हा गुणाचा म्हणून चूप नाही. रडायले ताकद नाही उरली त्याच्यात.

सुंदराबाई : असं नोको म्हनू बाई. काय करू सांग. इट तापवून ठेवू का बाजूले?

ललिता : इटेनं कातडी भाजते. माणसाच्या अंगाची ऊब पायजे, उघड्या छातीवर.

सुंदराबाई : वच्छला तापानं फनफनून राहिली. माह्ये हात सकायपासून पान्यात.

ललिता : मीही बसच्या फुटक्या खिडकीजवळ बसून गारठून आली. याचा बाप कुठं हाय, श्रावण?

सुंदराबाई : आंगनात, शेकोटीपाशी. अबे श्रावण! इकडे ये!

श्रावण : काय झालं? ताई, तू कवा आली?

ललिता : सदरा काढ.

श्रावण : आँ?

ललिता : सदरा काढ, बंडी काढ, भिंतीले टेकून बस. लेकरू घे छातीवर.

श्रावण : मी? नोको ताई. मी अजून हात नाई लावला त्याले. माह्ये हात पाह्य, कापसाच्या पराट्या उपटून उपटून खरवडले. अन् मायच्या पुढे... कोनी आलं त काय म्हनन?

सुंदराबाई : आयक. तुया बाप असाच होता. बैलाचं शिंग धरून थांबवे, पन सासूपुढे सोताचं लेकरू घ्याले लाजे. तू झाला तवा कोठीच्या आडून डोकावे, आन् कोनी दिसलं का म्हने, खुरपं पाहून राहिलो. छप्पन साली धम्मदीक्षेले आपन नागपूरले गेलो, तवा एवढ्या लोकाईत त्यानं तुले खांद्यावर घेतलं. नऊ वर्साचा घोडा तू! मी मनात म्हटलं, बरं झालं, सुटलं याचं लाजनं. काढ सदरा.

[श्रावण भिंतीला टेकतो. ललिता बाळाला त्याच्या छातीवर पालथं ठेवून वर गोधडी पांघरते. सुंदराबाई दार लोटून घेते.]

श्रावण : बापा! किती गार हाय वं हा. अन् वजनच नाई याले.

ललिता : डोकं झाक. नाक मोकळं राहू दे. आता हात ठेव पाठीवर.

श्रावण : टोचन ना.

ललिता : नाही टोचत.

सुंदराबाई : मी वच्छलेचं दूध वाटीत काढून आनतो. ओढाले जमत नसन त कापसाच्या बोयानं पाजू थेंब थेंब.

ललिता : हे बरं सुचलं तुले, माय. कापूस आधी उकळून घेजो.

श्रावण : ताई, मी श्वास घेतला का हाही वर-खाली होते. हळू घेऊ का श्वास?

ललिता : नेहमीसारखा घे, येड्या.

सुंदराबाई : हे घ्या दूध. सरका जराक. पेय रे माह्या राजा... बाहेरच येऊन राहिलं वं.

ललिता : घाई नोको करू. गळ्याकडे पाह्य... गिळलं!

श्रावण : गिळलं? मले दिसत नाई. सांगा ना, गिळलं का?

सुंदराबाई : गिळलं रे. दुसरंही गिळलं.

ललिता : ऊन चढलं का दुपारच्या बसनं दोघांलेही अकोल्याच्या दवाखान्यात नेऊ. वच्छलेचा ताप मले बरा नाही वाटत. लेकरू असंच न्यायचं, तुझ्या छातीशी बांधून.

श्रावण : साऱ्या बसपुढे?

ललिता : साऱ्या बसपुढे.

श्रावण : बरं... माय, गरम गरम लागून राहिलं पोटाले. मुतला हा!

सुंदराबाई : मुतू दे. आन् पाह्य वं ललिता, पावलं लाल झाली!

श्रावण : अरे अरे, रडला! ताई, मी दाबलं का जास्त? दुखलं का त्याले?

ललिता : नाही रे. रडू दे. मस्त रडू दे.

सुंदराबाई : वच्छले! आयकलं का वं? तुया पोरगा बोंबलून राहिला!

श्रावण : बाहेर कोन हाक मारते? जानराव असन. कापसाची गाडी भराची हाय आमाले. ताई, घे याले, मी...

सुंदराबाई : बस गुमान. मी जातो. जानराव, तू हो पुढे बापा. श्रावण नाई येत आज. कामात हाय थो.