हमीदाबीची सरपंचकी

माझं माहेर झरीचं. बाप बांगड्या इकायचा, त्याचा बाप बी बांगड्याच इकायचा, आमी मन्यार, दुसरं काई येतच न्हाई आमाला. लगीन होऊन मी इकडं चुडाव्याच्या आतल्या ह्या गावात आले तवा आमच्या लोकांची इथं चार घरं होती, आजबी चारच हायत. पोरं मोठी झाली की कोनी पूर्ण्याला जातंय, कोनी परभणीला, गावात मागं ऱ्हातेत म्हातारे. बाकी समदं गाव पाटलांचं, आन् वरच्या अंगाला धनगरवाडा. घरात आमी आमची जबान बोलतो, उंबऱ्याभाईर तुमची, सासूसंगं भांडन एका जबानीत आन् शेजारनीसंगं दुसऱ्या. हसू नका ताई, खरं सांगायलेय.

मालक म्हंजे माझा नवरा, युसूफ. त्यो सायकलीला पेटी बांधून खेड्यापाड्यानं जायचा आन् मी गावात घरोघर. माल पूर्ण्याहून आनायचा, रेल्वेनं चुडाव्याला उतरायचं, तितून डोक्यावर घेऊन पायी. लग्नसराईत तर जेवायला टाइम न्हाई. नवरीला चुडा भरायचा म्हंजे मीच लागनार, पोरीचा हात दाबून दाबून ढिला करायचा, ती रडत असली तर तिच्यासंगं कायबाय बोलत ऱ्हायचं. भरून झालं की ती माझ्या पाया पडनार, तिची माय मला हळदकुकू लावनार. आता मी मुसलमानाची बाई, पर मायेनं लावलेलं कुकू तिच्यादेखत पुसायचं कसं, तसंच घरी यायचं आन् मंग तोंड धुवायचं. सासू म्हनायची, आली बघा पाटलीनबाई.

तर सरपंचकीचं इचारलं तुमी. त्या साली सरपंचकी मागास बाईसाठी सुटली. पाटलांच्या भावकीत दोन तुकडे, एक आबांचा आन् एक त्यांच्या चुलतभावाचा, दोघंबी आपल्या हुकमातली बाई धुंडायलते. धनगराची चालली असती, काशी हाय ना माझी जोडीदारीन, तुकारामची बायको, ती तर माझ्यापक्षी चार बुकं जास्ती शिकलेली. पर धनगरवाड्यात मतं लय. तितली बाई एकदा बसली तर उद्या उठायची न्हाई, ही आबांची भीती. आमची चार घरं, आमच्या मागं कोन हाय, आमाला कवाबी उठीवता येतंय. लोक इचारतेत, अशा गावात मुसलमानाची बाई निवडून आली कशी? अशी आली. आमी थोडे हाव म्हनून आली.

आबा घरी आले, ओट्यावर बसले, म्हनले हमीदाबी, उभं ऱ्हायचंय. मी म्हनले आबा, मला सही तेवढी येती. म्हनले, तेवढीच लागती.

मंग प्रचार. पूर्ण्याच्या स्टुडिओत आमा दोघांचा फोटो काढला, मोठ्ठं ब्यानर केलं, बघतो तर काय, मालकाच्या डोक्यावरची टोपी गायब. कंपूटरवर काढून टाकली म्हनं, गावाला बरं दिसंल. आन् टोपीखाली तर मालकाला टक्कल, म्हनून त्या पोरानं वरून काळेभोर केस चिकटवले. मालक ब्यानरम्होरं उभं ऱ्हाऊन म्हनला, हमीदा, ह्यो कोन बसलाय तुझ्यासंगं? आमी लय हसलो, पर घरी आल्यावर त्यानं टोपी काढून मांडीवर घेतली आन् तिच्यावरनं हात फिरवत बसला.

नारळ फोडायचा होता मारुतीच्या पारावर. पूर्ण्याहून आमच्या मौलानांनी सांगावा धाडला, हे करू नगं. मी पेचात पडले. सासू खाटंवरून म्हनली, फोड गं, नारळ काई खुदाचा दुश्मन न्हाई, खोबरं मला आन. फोडला. मतं बायांनी दिली, ते आबांनाबी माहीत न्हाई. काशी धनगरवाड्यात घरोघर फिरली, म्हनली हिनं आपल्या समद्यांचे हात हातात घेतलेत, आता आपन हिचा धरू. निवडून आले. गुलाल उधळला, मालकाच्या टोपीवर पडला त्यो त्यानं कधी धुतला न्हाई.

आमच्या चार घरांचं मागनं एकच होतं. आमचं कबरस्तान वढ्याच्या पल्याड हाय आन् तिकडं जायला पांदन होती, बैलगाडी जायची पूर्वी. पांदनीच्या दोनी अंगाला आबांचं रान. दर साली नांगर थोडा थोडा आत सरकला आन् शेवटी नुसता बांध ऱ्हायला, एका मानसानं जायाजोगा. उन्हाळ्यात कोनी मेलं तर जमतंय, पावसाळ्यात ती काळी माती पाय सोडत न्हाई. माझा दीर म्हनला भाबी, बाकी समदं गावाचं कर, आमाला तेवढी वाट दे.

मी पयल्याच महिन्यात आबांकडं इषय काढला. आबा म्हनले, देऊ की, पर आताच नगं, लोक म्हनतील बसली न्हाई तर आपल्यांचंच बघायली. आन् ताई, लोक म्हनलेच असते, आबा काई खोटं बोलले न्हाईत. म्हनून म्हनलं आधी गावाचं करू. मारुतीला सभामंडप केला. धनगरवाड्यात नळ नेला, साळंला भिंत घातली. दर खेपेला वाटंचं काढलं की आबा म्हनायचे, आता नगं. दिरानं बोलनं सोडलं. मी ग्रामसभेत खुर्चीवर बसायची आन् आपल्या तोंडानं आपलं मागायची चोरी. दुसऱ्या कुन्या सरपंचानं भावकीचा रस्ता केला तर ते गावाचं काम, मी केला तर मुसलमानाचं. थकून गेले मी त्यानं, खरंच थकले.

मंग मालक गेला. श्रावन होता, झड लागलेली, सायकल लावून घरात आला, पानी दे म्हनला आन् मी पानी आनूस्तर संपलं. जनाजा निघाला. आमच्यात बाया कबरस्तानात जात न्हाईत, मी दारातूनच बघितलं, पुढचं समदं तुकारामनं सांगितलं. आमचे मानसं किती, धा-बारा, म्हनून तुकाराम आन् धनगराची पोरं खांद्याला लागली. बांधावर दोघं बाजूबाजूनं चालू शकत न्हाईत, तर रानात उतरावं लागलं, आन् तितं गुडघ्याइतका चिखल. तुकारामचा पाय रुतला, त्यो पडला, जनाजा कलंडला. माझ्या मालकाचा हात कफनातून भाईर आला, चिखलात बुडाला. त्यांनी त्यो तितंच वढ्याच्या पान्यानं धुतला. आबा बांधावर छत्री घेऊन उभे होते, खाली बघत होते. माझ्या मानसाचा हात चिखलात, आन् मी ह्या गावची सरपंच.

आता आमच्यात नवरा मेला की बाईनं इद्दत बसायची, चार महिने धा दिवस, घराभाईर जायचं न्हाई, परक्या मानसाम्होरं यायचं न्हाई. ग्रामसभा तोंडावर आलेली. आबांनी निरोप धाडला, हमीदाबी, तुमी दुःखात हाव, आराम करा, उपसरपंच बघून घेईल. बरंच झालं त्यांना. पर ग्रामसभेच्या आधी बायांची सभा घ्यावी लागती, कायदाच हाय तसा, आमच्याकडं ती कागदावरच व्हायची. काशी ग्रामसेवकाला म्हनली, सरपंचबाईला भाईर येता येत न्हाई ना, मंग आमी आत जातो.

आल्या. माझ्या त्या दोन खनाच्या घरात धनगरवाड्याच्या, पाटलांच्या, समद्या बाया दाटीवाटीनं बसल्या. ग्रामसेवक भाईर ओट्यावर, मधे पडदा. आबांची मंडळी, पाटलीनबाई, माझ्याजवळ येऊन बसल्या, माझे मोकळे हात हातात घेतले आन् रडल्या. म्हनल्या, माझ्या तिन्ही पोरींचे चुडे तू भरलेस हमीदा, आन् तुझ्या मानसाची अशी दैना व्हावी? काशी पडद्याकडं तोंड करून वरडली, लिहा, कबरस्तानाची पांदन मोकळी करा. ग्रामसेवकानं इचारलं, सूचक कोन? म्हनली मी, काशीबाई. अनुमोदक? तर पाटलीनबाई म्हनल्या, माझं लिहा.

ग्रामसभेत ग्रामसेवकानं ते वाचून दाखीवलं. अनुमोदकाचं नाव आल्यावर मानसं खाली मान घालून हसायलते म्हनं. आबा उठले, धोतराचा सोगा झटकला, म्हनले घरातूनच फितुरी झाली म्हनल्यावर मी काय बोलू, घ्या. मोजनी झाली, पांदन निघाली, मुरूम पडला. माझी इद्दत सुटायच्या आत वाट तयार.

पुढच्या निवडनुकीला सरपंचकी खुली झाली. मी मेंबरला उभी ऱ्हायले, आबा संगं न्हाईत, पडले. पडायचं काई वाटलं न्हाई. पर मारुतीच्या सभामंडपात सावलीला बसून मानसं बोलायलते ते कानावर आलं, की पाच साल सरपंच होती, शेवटाला केलं ते आपल्यांचंच. ते लागलं ताई. आजबी लागतंय. त्या मंडपाच्या पत्र्यासाठी परभणीला किती चकरा मारल्या मी, माझ्या टाचंला इचारा.

आता परत पेटी घेतलीय. गुडघे दुखतेत, घरोघर होत न्हाई, बाया इथंच येतेत. आबा रस्त्यात भेटले तर मान हालवतेत, मीबी हालवते, दुश्मनी न्हाई. काशी म्हनती यंदा परत उभी ऱ्हा. मी म्हनले, तू ऱ्हा, मी फिरते तुझ्यासाठी, माझ्यात आता दम न्हाई.

वाट चांगली झाली म्हनतेत. मागल्या पावसाळ्यात माझी सासू गेली, तर दीर घरी येऊन म्हनला भाबी, कुनाचा पाय रुतला न्हाई. लय दिसांनी बोलला माझ्यासंगं. मी काई ती वाट बघितली न्हाई अजून. बाया जात न्हाईत ना तिकडं. मला एकदाच जायचंय तिच्यावरनं, तवा डोळे मिटलेले असतील, पर खांदा देनारे नीट चालतील. चला, हात द्या इकडं, रिकामा बरा दिसत न्हाई, दोन काकनं भरते. पैशाचं नाव काढू नका. अल्ला तुमाला सुखात ठेवो.