साबणाने धुतलेली मोत्यांची माळ

दागिने दुरुस्तीच्या दुकानातल्या बाकावर माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटीच्या रुमालात मोत्यांची एक काळवंडलेली माळ होती.

"गरम पाण्यात कशाला घातलीस?"

"साबणाने नुसती धुतली गं, ताई. खऱ्या मोत्यांना काय होतंय?"

"खरे कुठले! काचेचे पोकळ मणी ते. पूर्वी आतून माशाच्या खवल्यांची चकाकी द्यायचे आणि मग मेण भरायचे. ते वितळलं."

"पण बाबांनी लग्नात आईसाठी खरे म्हणून घेतले होते ना?"

"त्यांना कुणीतरी गंडवलं. आईने दाताला घासून बघितला. खरा मोती खरखरतो, हा गुळगुळीत लागला."

"आणि बोलली नाही?"

"जन्मभर नाही. उलट चारचौघींत मिरवायची, आमच्या ह्यांनी आणलेत म्हणून. जाताना फक्त मला सांगितलं. आता तूही तोंडाला कुलूप लाव. बाबा मनाला लावून घेतील."

"अगं, पण माळ देताना बाबांनीच बजावलं होतं."

"काय?"

"गरम पाणी लावू नकोस, आतलं मेण वितळेल. मला वाटलं, वय झालंय, काहीतरी बोलतात."