कूट म्हणजे काय शेंगदाणे?

— नाही, ते सोडा मॅडम, माझ्या हातची लसूण चटणी ओळखत नाही असा माणूस अख्ख्या जगात सापडायचा नाही. जग म्हणजे आपलं मंडईपासून नारायण पेठेपर्यंतचं हो. पूल ओलांडला की मला कुत्रं विचारत नाही. बसा ना, उभ्या का? पूर्णिमानं बजावलंय, 'काका, जर्मनीच्या कंपनीतर्फे तपासणीला मॅडम येतील, चहा द्या आणि तोंड बंद ठेवा' — पुतणी आहे, मालकीणही तीच — तर चहा दिला, अर्धं काम झालं! दारातला टेम्पो बघितलात? नऊशे खोकी. आमचा माल पहिल्यांदा देशाबाहेर चाललाय. तुमची सही झाली की सुटला बंदराकडे, आणि नाही झाली तर आतल्या बारा बायका उद्यापासून घरी. चार वर्षं झटतेय पोरगी — डबा बदलला, नाव बदललं, तिखट निम्मं केलं, तिकडच्यांना म्हणे घाम फुटतो. मग हा एवढा लांब कागद आला, चटणीत हे आहे का, ते आहे का. तीळ? आहेत. शेंगदाणे? नाहीत, मीच सांगितलं तिला. तिकडे म्हणे शेंगदाण्यानं माणूस दगावतो — ऐका! आमच्याकडे उपासाला तेच खाऊन जगतात! पण चटणीत एक दाणा दाखवा, मिशी उतरवतो. नुसतं आपलं कूट — दर खेपेला दोन मुठी, दार लोटून घालतो, पूर्णिमालासुद्धा पत्ता नाही, त्याशिवाय चटणी मिळूनच येत नाही. आता कूट म्हणजे काय शेंगदाणे? कूट ते कूट. ते काय कुणी सांगत बसतं — पेन का थांबलं तुमचं?

अहो, थट्टा केली! पेठेत कुणालाही विचारा, बापूराव कधी खरं बोलतो का? शिमग्याला शेजारच्या सर्जेरावांच्या दाराला मीच कुलूप घातलं आणि दोन तास त्यांच्याबरोबर किल्ली शोधली — तसंच हे! कूट नाही, काही नाही. हसा की. हसा ना जरा — फोन कुणाला लावताय? पूर्णिमाला नको. थांबा, टेम्पोवाल्यालाही नको, खोकी उतरवायला लावू नका हो... दोनच मुठी. दीड धरा, माझी मूठ ती केवढी —

"आजोबा, तिकडे घास घेताच एखाद्याचा श्वास कोंडला, तर त्याच्या घरी काय कळवू — थट्टा होती म्हणून, की दीडच मूठ होती म्हणून?"