पाटीवर पहिलं नाव कोणाचं

नाही नाही, जीवनभाऊ, अक्षरं हीच ठेवा, अक्षरांचं काही नाही — क्रम. क्रमाचं बोलतोय मी. कोणाचं नाव वर आणि कोणाचं खाली, एवढंच राहिलंय, आणि तेवढ्यासाठी तुम्ही मशीन बंद करून बसलायत, कळतंय मला. दोन मिनिटं. त्याचं असं झालं — मंगळवारी मी गॅसच्या सिलेंडरची वाट बघत होतो. बुकिंगला पाच दिवस झालेले, साधनानं — बायको माझी — मला दारातच खुर्ची टाकून बसवलेलं, म्हणाली हललात तर गाडी पुढे निघून जाईल. तेवढ्यात मोबाइल वाजला. मला वाटलं, गॅसवाला. बघतो तर पेटंट मंजूर! आमचं. माझं आणि वेणीमाधव गायधनीचं. मी ओरडलोच, आला, आला — तर आतून साधना म्हणते, सील बघून घ्या, मागच्या वेळी गळका दिला होता.

कशाचं पेटंट? — विचारलंत ना, आता ऐका. दही लागतं, पीठ आंबतं, द्राक्षाचा रस फसफसतो — हे सगळं बारीक बारीक जीव करतात, आणि त्यांच्या हातातली हत्यारं म्हणजे एन्झाइम. आमचा वेण्या औषधाच्या कंपनीत प्रयोगशाळेत होता. त्यानं ते हत्यारच बदललं — इथला तुकडा काढ, तिथे दुसरा बसव — असं, की पीठ नेमकं तयार झालं की त्यातून विजेचा झटका यावा. झटका म्हणजे एवढासा, मुंगीला गुदगुल्या होतील एवढा. आणि तो पोचवायचं काम माझं. मी नेटवर्कवाला. नेटवर्कचा स्विच म्हणजे काय — चौकातला पोलीस समजा. बिल्डिंगभरच्या इंटरनेटच्या तारा एका डब्यात येतात आणि तो डबा ठरवतो, आधी कोण, मग कोण. माझा शोध असा, की पिठाचा निरोप आला की बाकी सगळ्यांना थांबवायचं. सिनेमा थांब, फोन थांब, आधी पीठ. ॲम्ब्युलन्सला वाट देतात तशी. हसू नका, मोठ्या टाक्यांसाठी होतं हे — दूध, द्राक्षरस, लाखाचा माल एका तासात बिघडतो. पण आम्हाला टाकी कोण देणार? म्हणून इडलीचं पीठ. आमच्या जिन्याखालची खोली, एक स्टीलचं पातेलं, एक डबा, दोन माणसं. साधना सांगेल तुम्हाला, आठ वर्षं आमच्या घरात न्याहारीला दुसरं काही झालेलं नाही.

आणि पहिल्या फटक्यात जमलं असं समजू नका. एकशे बारा एन्झाइम केली त्यानं. वहीत नंबर असायचे, पण बोलताना नातेवाइकांची नावं. एक होतं नवसाबाई — त्याची आत्या — ते कशानंही ओरडायचं. कोणी लिंबू पिळलं, ओरडलं. ताकाचं भांडं शेजारून नेलं, ओरडलं. एक बहिरूकाका. ते कशानंच हलायचं नाही, पीठ आंबून, उतू जाऊन, फरशीवर आलं तरी शांत. तर ती नवसाबाई लावलेली असताना दुसऱ्या मजल्यावरच्या मयुरेशचा ऑनलाइन इंटरव्ह्यू चालू होता, आणि खाली मी — चूक माझीच — चिंचेचं बुटुक खाल्लं आणि तोच हात पातेल्याला लावला. झालं! बिल्डिंगचं इंटरनेट ठप्प. पोरगं वर पुतळा होऊन बसलंय, समोरच्यांनी विचारलेलं, तुमच्यातला दोष सांगा. चार मिनिटं! लाइन आली तेव्हा तो म्हणाला, सॉरी सर, सापडत नव्हता — आणि घेतला हो त्याला नोकरीत. पण सोसायटीनं आमच्यावर ठराव केला. 'जिन्याखालील पिठाबाबत' — विषय क्रमांक सहा. तोच ठराव करणारे आता म्हणतात, खोलीला पाटी लावा.

हो, येतो ना, क्रमावरच येतो. हे भांडण आजचं नाही. वेण्या म्हणायचा, एन्झाइम नसेल तर निरोपच नाही, म्हणून गायधनी आधी. मी म्हणायचो, स्विच नसेल तर तुझा निरोप पातेल्यातच बसेल, म्हणून थोरात आधी. मग बाराखडीनं करू म्हटलं. नावानं केलं तर माझा र आधी, त्याचा व नंतर — मी जिंकलो. तो म्हणे, कागदोपत्री आडनाव धरतात. ग आधी, थ नंतर. वयानं केलं तर तो चार महिन्यांनी मोठा. चिठ्ठ्या टाकल्या, तर दोन्हींवर त्यानं 'वेणीमाधव' लिहिलेलं. पकडल्यावर म्हणतो काय, रंग्या, तुझ्या नावाला चिठ्ठीच उरली नाही तर मी काय करू! त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गोदेवर यजमानांची नावं वहीत लिहायचं काम — म्हणायचा, नाव कुठे लिहायचं हे गायधन्यांना शिकवू नकोस. मी म्हटलं, वणीच्या थोरातांच्या शेतात पाणी कोणत्या वाफ्याला आधी द्यायचं हे मी शाळेत जायच्या आधी ठरवत होतो, तू मला आधी-नंतर शिकवू नकोस. आठ वर्षं हो. सुधावहिनी — त्याची बायको — चहा ठेवून निघून जायच्या, कपही आम्ही कोणी आधी उचलायचो नाही, गार व्हायचा.

आता त्या म्हणतात, भाऊजी, पाटीवर कसं घालायचं ते तुम्हीच ठरवा. अशा म्हणतात, जसं काही — नाही, म्हणजे, बरोबरच आहे, दुसरं कोण ठरवणार.

कागदावर? कागदावर थोरात आधी आहे. मग तसंच कोरा म्हणाल तुम्ही. पण तो अर्ज मी एकट्यानं भरला ना. तो तेव्हा दवाखान्यात होता. स्वादुपिंडाचं झालं होतं त्याला — म्हणजे बघा, शरीरातला एन्झाइमचा कारखानाच की. त्याला स्वतःला हसू यायचं. डॉक्टरांना म्हणाला, इथलाही एक तुकडा बदलून बघू का? तर मी अर्ज भरला, आणि माझं नाव आधी घातलं. लबाडीनं नाही हो. म्हणजे लबाडीनंच, पण — महिनाभर तो भांडला नव्हता माझ्याशी. जे म्हणेन त्याला 'बरं' म्हणायचा. वेण्या, आणि 'बरं'! म्हटलं, हे बघून तरी चिडेल. उशी फेकेल. उठून बसेल. पोचपावतीचा फोटो काढून त्याला पाठवला आणि गेलो जिन्याखाली. तिथे मोबाइलला रेंज नाही, आमच्या डब्याच्या इंटरनेटवरूनच फोन यायचा. पातेल्यात नवीन एन्झाइम लावलेलं, एकशे बारावं. त्याचं नाव साळूबाई — माझी आई. ती झाकण न काढता सांगायची, दूध नासणार की टिकणार. नाव वेण्यानं ठेवलं होतं, मी नाही.

तर अकरा बेचाळीसला त्याचा फोन आला. 'रंग्या, हे काय' — एवढं ऐकलं आणि कट. मी स्क्रीनकडे बघतोय, आणि समोर डब्यावर हिरवा दिवा. लागलेला! पीठ बघितलं — बरोबर तयार, ना कमी ना जास्त. अहो, मी तिथे एकटा नाचलो. साळूबाई बोलली, साळूबाई बोलली! वहीत वेळ लिहिली, तीन बाजूंनी फोटो काढले. अर्जाला नंतर जोडलेल्या तपशिलात आहे ती वेळ, पान नऊवर बघा ना — आणि खाली काय लिहिलंय, 'या काळात इतर सर्व संदेश चार मिनिटे रोखले जातात.' मीच लिहिलंय ते. चार मिनिटं फक्त. अकरा शेहेचाळीसला लाइन आली होती, सगळी सुरळीत. पण मी म्हटलं, फोनवर कशाला सांगायचं — त्याच पिठाच्या इडल्या करायच्या, डब्यात घालून संध्याकाळी न्यायच्या, त्याला खाता येत नव्हतं तरी वास तर येईल, आणि मग समोरासमोर भांडायचं. पीठ वर नेऊन साधनाकडे दिलं. ती म्हणाली सुद्धा, आधी त्यांना कळवा. म्हटलं, थांब गं, तोंड बघायचंय मला त्याचं.

चारला वहिनींचा फोन आला.

तर 'हे काय' च्या पुढे काय होतं, ते मला माहीत नाही. चिडला होता का, हसत होता, का म्हणणार होता राहू दे तुझंच — आवाजावरून काही कळलं नाही, तीनच शब्द. तीन वर्षं मी ते तीन शब्द निरनिराळ्या आवाजात म्हणून बघतोय. त्याचं नाव वर घातलं, तर मी हरलो असं होतं, त्याला चालायचं नाही, त्याला भांडून जिंकायला आवडायचं. माझं घातलं, तर — तुम्ही सांगा ना. तुम्ही रोज नावं कोरता. नका सांगू. नको, खरंच नको.

ठेवा ती पाटी बाजूला. ते मागे उभे आहेत त्यांचं घ्या, मघापासून ताटकळलेत, मशीन चालू करा. मी येईन नंतर. चार मिनिटांनी लाइन आली होती, जीवनभाऊ, फोन माझ्या हातातच होता. मी त्याला परत लावला नाही.