उजव्या हाताची चार नखं

घ्या हातात, घ्या. बघायलाच तर आलात ना एवढ्या लांबून, माद्रिदहून? फक्त वाजवू नका. — हो, कळतं मला, बूट घेणारा पाय घालून बघतो, गिटार घेणारा वाजवून बघणारच. पण घरी नेऊन वाजवा. नाही पटली तर — नाही, परत आणू नका, कुणाला तरी देऊन टाका. किंमत तुम्ही म्हणाल ती. आणि मी असा कुजबुजतोय म्हणून चोर समजू नका हं मला. सख्ख्या भावाची गिटार आहे ही. लेआंद्रोची. थोरला माझा. गेला — सात आठवडे झाले. आई चर्चला गेलीय. प्रार्थना बाराला सुटते, मग ती पाव घेते, मग जिना चढताना दोनदा थांबते, म्हणजे साडेबारा धरा. त्याच्या आत आपलं आटपलं पाहिजे. — तिला? नाही, तिला नाही माहीत.

बासष्ट सालची आहे. इथेच बनली, अल्मेरियात, किल्ल्याखाली एक म्हातारा बनवायचा. आत चिठ्ठी आहे बघा, नावाचा भाग झुरळांनी खाल्लाय. आधी लेआंद्रोच्या मास्तरांची होती, त्यांनी जाताना त्याला दिली. म्हणजे हिचे दोन्ही मालक मेले — घाबरू नका, मास्तर ब्याण्णव वर्षांचे होते. ही कडेची जागा, हात टेकतो ती, इथलं पॉलिश मास्तरांनी खाल्लं. आणि भोकाखाली ह्या खाचा दिसतात ना, मांजरीने ओरबाडल्यासारख्या? ह्या लेआंद्रोच्या. नखांच्या. पुन्हा पॉलिश मारू नका हिला. म्हणजे तुमची आहे, मारा, पण नका मारू.

तुमचीही नखं तशीच आहेत. दार उघडल्या उघडल्या बघितली मी. डाव्या हाताची कापलेली, उजव्याची तारा छेडायला वाढवलेली, करंगळीचं सोडून. कानशीने घासता ना? तोही घासायचा, रोज सकाळी, कॉफी गार होईपर्यंत. गल्लीतली पोरं विचारायची, लेआंद्रो, लग्न कधी रे, नवरीची नखं तयार आहेत! आणि कामाला हात नाही लावायचा. गॅसचा सिलिंडर तीन मजले वर कोण आणणार? एलॉय. म्हणजे मी. माशाचा डबा कोण उघडणार? मी. “टमाट्या, तू उघड, माझी नखं आहेत.” टमाट्या म्हणायचा मला. मी टोमॅटोच्या शेडमध्ये कामाला आहे ना, त्या प्लास्टिकच्या पांढऱ्या शेड, येताना बसमधून दिसल्या असतील. चौदाव्या वर्षी शाळा सोडली तेव्हापासून तिथेच. हे बघा हात — त्या झाडांचा हिरवा डाग आहे, साबणाने जात नाही. मी म्हणायचो, तुझी चार नखं म्हणजे घरातली चार दैवतं झालीत, त्यांना नैवेद्य तेवढा दाखवायचा बाकी आहे. हसायचा. चांगला होता हो. वाजवायला लागला की माझा राग — जाऊ दे.

कुजबुजायचं कारण सांगतो, नाहीतर तुम्ही मला वेडा समजाल. ही गिटार त्या खिळ्याला टांगलेली असते. मी नेहमीच्या आवाजात बोललो की ती बोलते. पाचवी तार. घूं — अशी. लेआंद्रोनेच सांगितलं होतं मला, माणसाचा आवाज तारेशी जुळला की तार आपोआप थरथरते, त्यात भुताखेताचं काही नाही. त्याचा माझा आवाज एक. फोनवर आईसुद्धा फसायची. मला सगळं कळतं. पण तो गेल्यानंतर पहिल्यांदा जेवायला बसलो, मी म्हणालो, आई, मीठ दे — आणि आतून घूं झालं. आईचा डाव हातातच राहिला. म्हणाली, आला. मी तारेचं समजावून सांगितलं तर ऐकेना. आता ती रोज इथे येऊन बसते, त्याच खुर्चीवर, तुम्ही बसलात ना तिथे. त्याच्याशी बोलते. पण तिचा आवाज बारीक, तिला तार उत्तर देत नाही. मला देते. मी तारा सैल करून ठेवल्या, तर तिने त्याच्या एका विद्यार्थ्याला बोलावून पुन्हा जुळवून घेतल्या. आणि काल रात्री म्हणाली, “एलॉय, तू बोललास की तो बोलतो. उद्या मी चर्चहून आले की तू त्याच्यासमोर उभा राहा आणि त्याला विचार, तुझी नखं कुणी कापली रे?”

हो, नखं. हॉस्पिटलात कापली. कुणीतरी. — डोक्यात रक्त साकळलं होतं त्याच्या, शिकवता शिकवता पडला. एकोणीस दिवस झोपूनच. आईने बघितलं तर उजव्या हाताची चारही नखं साफ. तिने धरलं एका नर्सला, लाल केसांची आहे, बिचारी मला स्वतःच्या डब्यातलं खायला द्यायची. आईने लेखी तक्रार केलीय तिची. मंगळवारी तिची चौकशी आहे. रोज प्रार्थनेत त्या बाईच्या हाताला कीड पडो म्हणते. माझी आई, साहेब! मांजरसुद्धा हाकलत नाही ती.

काय बघताय? तिनेच सांगितलं होतं मला. नर्सने. तो झोपेत हात हलवायचा, नळी ओरबाडायचा, म्हणून ती म्हणाली, जरा बघा — कापा नाही म्हणाली. कापडी पिशवी घालू म्हणाली हाताला, मी घेऊन येते म्हणाली. आणायला गेली ती. तेवढ्यात डॉक्टर आला. म्हणाला, हा आता उठायचा नाही. असाच म्हणाला, कागद बघत बघत. आणि माझं डोकं — मला माहीत नाही मला काय झालं. खाली दुकानातून नेलकटर घेऊन आलो. कडक होती, थरावर थर कसलं तरी रोगण लावायचा तो. कट्, कट्. अंगठा, पहिलं, मधलं, तिसरं. आणि मी बोललो. मोठ्याने बोललो. म्हणालो, “झालं. आता उचल सिलिंडर.”

असं म्हणालो मी. मरणाऱ्या भावाला.

थट्टाच होती ती, आमची नेहमीची. नव्हती. नव्हती थट्टा. मला राग आला होता त्याचा, की हा मला एकट्याला टाकून — आणि कापताना बरं वाटलं, साहेब, क्षणभर फार बरं वाटलं. पाणी देऊ तुम्हाला? मलाच हवंय.

दोन दिवसांनी उठला. हो, उठला! डॉक्टरची सगळी अक्कल बाजूला ठेवून भर दुपारी डोळे उघडले. आई खाली गेली होती, मीच होतो. बोलता येत नव्हतं त्याला. आधी काय केलं असेल त्याने? तुम्हाला माहीत आहे. आत्ता तुम्हीही तेच करताय — अंगठा एकेका बोटाच्या टोकावरून फिरवायचा, नख शाबूत आहे ना बघायला. त्याने फिरवला. पुन्हा फिरवला. हात वर घेतला, जड झाला होता तरी घेतला, आणि बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. ओरडला असता तर परवडलं असतं. माणूस परगावाहून घरी यावा आणि त्याच्या खोलीत भलतंच बिऱ्हाड दिसावं, तसं बघितलं. मला सांगायचं होतं की अरे, वाढतील ना, दोन महिन्यांत वाढतील — आणि मी त्याची चादर सारखी करत बसलो. त्याने तोंड भिंतीकडे केलं. तिसऱ्या दिवशी गेला. डॉक्टर म्हणतो, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. नसेल. डॉक्टरचं काय, त्याच्या मते तर तो उठायचाही नव्हता.

म्हणून म्हणतो, न्या. मी ह्या गिटारीसमोर उभा राहून कसा विचारू? विचारीन आणि तार वाजेल, वाजणारच, माझाच आवाज तो, आणि आई म्हणेल, ऐकलंस, काय म्हणाला तो? मग मी काय सांगू? नर्सचं नाव सांगू?

थांबा. जिन्यात कोण — तीच आहे. आज लवकर कशी आली? पहिल्या मजल्यावर थांबलीय. पेटीत घाला हिला, घाला लवकर, मागचं दार सकाळीच उघडून ठेवलंय मी, गच्चीवरून शेजारच्या जिन्याने उतरता येतं. नाही, पैसे नंतर पाठवा, पत्ता — असं बघू नका माझ्याकडे! तुम्हाला काय, तुम्ही उद्या माद्रिदला. इथे मंगळवारी ती बाई —

ठेवा. ठेवा म्हणतो ना. पलंगावर ठेवा. माफ करा साहेब, विकायची नाही. तुमचं येण्याजाण्याचं भाडं मी देईन, महिनाअखेर देईन, पण निघा आता. मागून नको, पुढच्या दाराने, सरळ.

आई! थांब तिथेच, पिशवी मी घेतो. — हो, मोठ्यानेच बोलतोय. — कुणी नाही, एक गृहस्थ आलेत, निघालेत ते. — नाही, त्याला नाही विचारायचं. तू वर ये आधी. मला विचार. — जा ना साहेब. जा. इथून पुढचं आमच्या घरातलं आहे.