बहुधा प्रेमळ

नक्की आठवत नाही, पण मुलगी म्हणाली होती, "बाबा, एकटे बसून किती वेळा पेपर वाचणार?" की किती वेळा चहा पिणार, असं काहीतरी. एकटेपण खरंच खात होतं. तिने जोडीदार शोधायच्या ॲपवर माझा फोटो टाकला आणि परिचय मला लिहायला लावला. मी लिहिलं, "विधुर, निवृत्त प्राध्यापक, एव्हरशाईन सिटी. बहुधा प्रेमळ."

मुलगी वैतागली. "बहुधा काय, बाबा?"

"अगं, तुझी आई असती तर तिला विचारून लिहिलं असतं. स्वतःबद्दल मी खात्रीने कसं सांगू?"

महिनाभर कोणीच विचारलं नाही. शेवटी मी 'बहुधा' खोडायला घेतलं, तेवढ्यात अर्नाळ्याच्या एका बाईंचा मेसेज आला, "बहुधा म्हणजे किती?"

मी घाबरत लिहिलं, "भेटून ठरवता येईल."

भेटत भेटत आमचं लग्नच झालं. 'बहुधा' तिला का आवडलं, ते मात्र ती हसण्यावारी न्यायची. पाच वर्षांनी मी तिच्या बहिणीला गाठून खात्री करून घेतली. बायकोने माझा परिचय आधी या बहिणीलाच वाचून दाखवला होता, आणि ती म्हणाली होती, "हा खोटं बोलायला पन घाबरतो. यालाच धर."