डाव्या हाताचा सिनेमा

(कळसाडी, तालुका शहादा. १९६४ सालचा मार्च. जसोदाबाईंच्या घराचा ओटा. सकाळचे नऊ.)

जसोदाबाई : आते हाई काय बोलनं झायं, मास्तरीनबाई? तीन वरीस तुम्हीच सांगी ऱ्हायनात, असा सिनेमा दुसरा नही, परत उना का देखाच. आज शहादाना टॉकीजमा उना, तर तुम्ही सकायमा मोटारमा बशीसन यी ऱ्हायनात आन म्हनतस, जाऊ नका?

निर्मलाबाई : काल दुपारच्या खेळाला मी जाऊन आले, माय. सिनेमा टिकला नाही.

जसोदाबाई : टिकना नही म्हंजे? फाटना का?

निर्मलाबाई : फाटला नाही, जुना झाला. आवाज घोगरा येतो. तो नायक दिसेल त्या झाडाखाली थांबून गातो. आणि ती बाई अकरा वेळा रडते. मोजलं मी.

जसोदाबाई : मागला टाइमले किती रडनी व्हती?

निर्मलाबाई : तेव्हा मोजलं नाही. तेव्हा मीच रडत होते.

जसोदाबाई : मंग! रडाना सिनेमा शे, तर रडीच ना ती. आख्खी गल्ली तयार हुई बठेल शे. शोभाबाईनी पहाटमा दशम्या करी ठेया. आन मन्ही नात रंजनाले मी नवा परकर घाला. तिले ती बाई दखाडानी शे. डावा हातनी बाई.

निर्मलाबाई : त्यासाठीच आले मी. रंजना कुठे आहे?

जसोदाबाई : शोभाबाईकडे, वेनी घाली ऱ्हायनी. चौथीमा पह्यला नंबर शे तिन्हा, म्हाईत शे ना? डावा हातनी लिखीसन पह्यला नंबर.

निर्मलाबाई : माहीत आहे. माय, जरा टेका. त्या सिनेमातली बाई डावखुरी नाही.

जसोदाबाई : कोनती बाई?

निर्मलाबाई : तीच. सगळं उजव्या हातानं करते. लिहिते, वाढते, दिवा लावते.

जसोदाबाई : काय बोलतस! मी मन्हा डोयास्नी देखं. चिठ्ठी लिखे ती, डावा हातनी. तुम्ही बी व्हतात ना मन्हा बाजूले. आमनी पुढली खोलीमा भाड्यानी राहत व्हतात तवय.

निर्मलाबाई : होते. शेजारीच होते. पण इथं गावात पडदा लागला, तेव्हा आपण बसलो कुठे होतो?

जसोदाबाई : कठे म्हंजे? बाया जठे बठतस तठे. पडदाना मांगे. मानसे पुढे, बाया मांगे. कायम तसंच शे.

निर्मलाबाई : तेच चुकलं. रंजनाच्या वहीचं एखादं कोरं पान आहे का? आणि दिव्यातलं तेल, बोटभर. काजळाची डबीही द्या.

जसोदाबाई : आते हाई काय जादू करतस?

निर्मलाबाई : जादू नाही. या कागदावर काजळानं स्वस्तिक काढा, तुमचा साथिया. उंबऱ्यावर काढता तसा.

जसोदाबाई : हाऊ झाया.

निर्मलाबाई : छान. आता कागदाला तेल लावते. असा उन्हात धरते. तुम्ही उठा आणि मागच्या बाजूनं बघा.

जसोदाबाई : आरं देवा! हाऊ तं उलटा साथिया! पुसा, पुसा बाई, सकायले असा देखू नही.

निर्मलाबाई : पुसते. पण पाहिलंत ना? समोरून सुलटा, मागून उलटा. कापडाचा पडदाही तसाच. पुढून जो हात उजवा, तो मागून डावा.

जसोदाबाई : थांबा, थांबा. मंग तो भट? तीर्थ दे, तो?

निर्मलाबाई : उजव्या हातानं देतो.

जसोदाबाई : मी म्हनं, पुनाकडला भट, तिकडली रीत ऱ्हाई.

निर्मलाबाई : तुम्ही एवढं म्हणून थांबलात. मी छापून आणलं. ‘भटजीच्या डाव्या हाताचा उपयोग करून दिग्दर्शकानं साऱ्या कर्मकांडावर बोट ठेवलं आहे.’ धुळ्याच्या साप्ताहिकात, दीड पान.

जसोदाबाई : दीड पान भटवर?

निर्मलाबाई : नाही हो, भटजीला चार ओळी. त्यात एक घड्याळ आहे, आठवतं? भिंतीवरचं. ते उलटं चालत होतं. मी लिहिलं, नायिकेच्या मनातला काळ मागे जातो आहे. पुढे असंही लिहिलं, की ही खूण परदेशातल्या समीक्षकांच्याही नजरेतून सुटलेली दिसते.

जसोदाबाई : त्यास्ले कशी दिसी? त्या पुढे बठेल व्हतीन.

निर्मलाबाई : ते तुम्हाला आत्ता अर्ध्या मिनिटात कळलं. मला तीन वर्षं लागली. आणि ते पत्र, पडदाभर दाखवतात ते. एक अक्षर लागेना. मी लिहिलं, दुःखाला लिपी नसते.

जसोदाबाई : मले तर कोनतीच चिठ्ठी वाचता येस नही, मले काय समजी!

निर्मलाबाई : एका वाचकाचं कार्ड आलं होतं. एकच ओळ. ‘बाई, आपण हा चित्रपट कुठून पाहिलात?’ मला वाटलं, गाव विचारतायत. मी उलट टपाली अभिमानानं कळवलं, कळसाडी, तालुका शहादा.

जसोदाबाई : हासू का नको, मास्तरीनबाई?

निर्मलाबाई : हसा. मी काल टॉकीजमध्ये सुरुवातीची नावं सुलटी पाहिली आणि तिथंच कळलं, मागून ती उलटी दिसली असती. त्या दिवशी मोटार उशिरा आली म्हणून माझी नावं चुकली होती. पण ती सबब झाली. चौदा वर्षं मी मुलींना आरसा शिकवतेय. उजव्याचं डावं कसं होतं, ते फळ्यावर रेघा मारून दाखवते. जिला येत नाही तिला बाकावर उभं करते.

जसोदाबाई : मंग तुमले कसं समजनं नही?

निर्मलाबाई : कॉलेजात असताना हा सिनेमा लागला, तर वसतिगृहाच्या बाईंनी जाऊ दिलं नाही. त्यानंतर वीस वर्षं नुसतं वाचत होते, असा आहे, तसा आहे, परदेशातून पदक आणलं. इतकं वाचल्यावर पडद्यावर एखादं गाढव मागे मागे चाललं असतं, तरी मी त्यात अर्थ शोधला असता. माझं सगळं शास्त्र त्या रात्री चपलांजवळ बसून होतं.

जसोदाबाई : आन पदर? तिन्हा पदर आपला गत उजवा खांदावर व्हता. मी समदी गल्लीले सांगं, ती आपली गुजरनी शे.

निर्मलाबाई : डाव्या खांद्यावर आहे. पुण्याकडची आहे ती.

जसोदाबाई : म्हंजे आपली बी नही, आन डावी बी नही. मंग तिन्हामा ऱ्हायनं काय?

निर्मलाबाई : एक शेवटचा प्रसंग बरा आहे. बाकी बेतास बात.

जसोदाबाई : आन त्यावर तुम्ही मन्हा हातनी रंजनानी चिंधी सोडाडी.

निर्मलाबाई : हो.

जसोदाबाई : मी त्या पोरगीना डावा हात कमरले बांधी ठेवू. मले हाऊस व्हती का? डावा हातनी वाढी तर सासरले कोन जेवी? तुम्ही म्हननात, त्या बाईले एवढं मोठं पदक भेटनं, तिन्हा हात कोनी बांधा व्हता का? मी इस्वास ठेवा. गल्लीमा ज्यानी नाव ठेवं, त्याले मी तीच बाई सांगी.

निर्मलाबाई : दुसरा पुरावा होता माझ्याकडे, माय. चिंधी बांधली की रंजना अडखळत बोलायची, सोडली की नीट बोलायची. महिनाभर तारखेवार टिपून ठेवलं होतं. पण ती वही पेटीत ठेवली आणि तुम्हाला सिनेमा सांगितला. वाटलं, वहीपेक्षा सिनेमा पटेल.

जसोदाबाई : पटनाच ना! आते आज समदी गल्ली सुलटा देखी. सांजले मन्हा ओटावर यी-सन म्हनतीन, जसोदा, ती बाई तर उजवी. डावी तुन्ही नातच.

निर्मलाबाई : मग परत बांधणार तुम्ही तिचा हात?

जसोदाबाई : मी काय सांगू? मन्हाजवय दुसरं काय शे सांगाले?

छगन : गल्लीमा कोनी काही म्हनाव नही, माय.

जसोदाबाई : पोऱ्या, तू कवय उना? बैलेस्ले चारा टाकाले गयथा ना?

छगन : टाका. भिंतना मांगे ऐकी ऱ्हायन्तू. मानसे आज काही नवं देखाव नहीत. आमीन पुढे बठेल व्हतूत.

निर्मलाबाई : छगनभाऊ, म्हणजे तुम्हाला तेव्हापासून—

छगन : त्याच दिन. तुम्ही घर उनात आन मायले सांगाले लागनात, डावी बाई, डावी बाई. मले वाटनं, बाईले झोप लागी गयी व्हती.

निर्मलाबाई : लागली असती तर बरं झालं असतं.

छगन : नही, बाई. दुसरा दिन मायनी रंजनाना हात सोडा. मी तसाच उठनू, लोटनकडे गऊ, बाज्याकडे गऊ, वीरसिंगकडे गऊ. सांगं, बायास्ना पुढे त्या सिनेमानी गोठ काढू नका.

जसोदाबाई : आन त्या गप ऱ्हायनात? तीन वरीस? लोटनना तोंडमा तीळ भिजस नही!

छगन : त्यानी इचारं, कशाले रे? मी मन्हा मनगटवरला चिंधीना डाग दखाडा. मंग बोलना नही.

निर्मलाबाई : तुम्हीही डावखुरे होतात?

छगन : व्हतू. आते कोनताच नही. उजवा हात सही करस तर कापस, डावाले येस नही. सातवी पास शे मी, बाई. बियानं लेवाले गऊ का अंगठा देस. आन सरकारले अंगठा डावाच पाह्यजे.

जसोदाबाई : तू मले कधी सांगं नही.

छगन : काय सांगतू? ती बाई उजवी शे, पन मन्हाकडे देख आन मन्ही पोरगीले सोड? मन्हाकडे देखीसन तू सोडती का, माय?

जसोदाबाई : ...नही.

छगन : मंग.

निर्मलाबाई : चूक माझी आहे. टॉकीजच्या दारात मी सगळ्या बायकांना नीट समजावून सांगते. कागद आणि तेल घेऊन येते.

जसोदाबाई : तुम्ही काही समजाडू नका, बाई. तुम्ही समजाडतस तवय घड्याय उलटं चालस.

निर्मलाबाई : बरोबर आहे.

जसोदाबाई : रंजनाले मी सांगसू. ती बाई उजवी शे, काय करी बिचारी, तिन्हा हात तसाच. आपन कोनाले नाव ठेवानं नही.

निर्मलाबाई : आणि गल्लीला?

जसोदाबाई : गल्लीले बी तेच. कोनी जास्ती बोलनं तर तुम्हनी ती वही ली येवा. पेटीमा शे ना आजून?

निर्मलाबाई : आहे. पण तुम्हाला वाचता—

जसोदाबाई : रंजना वाची दखाडी ना. तिलेच तर वाचता येस. तुम्ही येतस का संगे?

निर्मलाबाई : परत? अकरा वेळा रडणं परत पाहू?

जसोदाबाई : पुढे बशीसन मी पह्यलांदा देखी ऱ्हायनी. कोनीतरी संगे पाह्यजे. मले सवय नही.

निर्मलाबाई : येते.

छगन : मंग जुपू का गाडी?

जसोदाबाई : जुप. ...छगन.

छगन : काय, माय?

जसोदाबाई : लई दुखे का रे?

छगन : ऊन चढी ऱ्हायनं, माय. पोरगीले हाक मार.